इतर सात टक्के

कागदाच्या पट्टीवर पाच ओळी होत्या. त्यातल्या दुसऱ्या ओळीपायी प्रतीक्षाचा हात मोडला.

तिच्या नवऱ्यानं, रणजितनं, तार ठोकायच्या हातोडीचा दांडा उचलला आणि मनगटाच्या वर चार बोटं, नेमका तिथं हाणला. चांदीच्या कामात पंधरा वर्षं काढलेला माणूस तो, त्याचा घाव चुकत नाही. हाड मोडल्याचा आवाज आमच्या टीव्हीच्याही वर आला, असं शेजारीण नंतर दहा जणींना सांगत फिरली. त्या वेळी मात्र ती दारातही आली नाही. प्रतीक्षानं चांगल्या हातानं वीस महिन्यांच्या ओवीला ओट्याखाली सरकवलं आणि भिंतीला पाठ लावून ती खाली बसली. मग रणजितनं तिच्या पोटात लाथ घातली.

शैलजा हे सगळं पाहत होती. ती रणजितची थोरली बहीण, गावातल्या तीन नंबरच्या अंगणवाडीची सेविका, आणि नवरा वारल्यापासून याच घराच्या पुढच्या खोलीत राहणारी. ती मध्ये पडली, तिनं भावाचा दंड धरला, त्यानं झटकल्यावर ती भिंतीवर आपटली. एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. पण खरं ते सगळंच सांगायचं तर ती पट्टी यंत्रातून काढली होती तिनंच, अंगणवाडीत वाचून दाखवली तिनंच, आणि "मातृ घटक अठ्ठावन्न टक्के म्हंजे काय गं आक्का? आईमुळं?" असं रणजितनं विचारल्यावर "तसंच म्हणायचं" हे उत्तर दिलं तेही तिनंच.

दोन शब्द होते. त्यात थोडी घाई होती, कारण रांगेत अजून अकरा पोरं होती. आणि खोटं कशाला बोला, थोडी खुन्नसही होती. त्या दिवशी सकाळीच चहाच्या पातेल्यावरून भावजय तिला फाडकन बोलली होती. म्हणून शैलजानं पट्टी नीट समजावून सांगायचा कंटाळा केला, आणि तासाभरात एका बाईच्या हाताचे दोन तुकडे झाले.

यंत्राचं सरकारी नाव होतं रक्तवेध. सरकारला नावं छान सुचतात. तळहाताएवढा डबा, त्याला एक भिंग. पोराची खालची पापणी अलगद ओढायची, आतल्या लाल कडेचा आणि नखांचा फोटो काढायचा. त्या लालीवरून रक्तातलं हिमोग्लोबिन किती ते यंत्र सांगायचं. सुई नाही, रडारड नाही. इथवर ते यंत्र खरंच गुणाचं होतं आणि त्याच्या आकड्यात सहसा चूक निघत नसे.

पण बनवणाऱ्यांना एवढ्यावर राहवलं नाही. पोराचं रक्त कमी का, हेही यंत्रानं सांगावं असं त्यांनी ठरवलं. सेविकेनं आईला चौतीस प्रश्न विचारायचे. गरोदरपणी तुझं रक्त किती होतं? मूल दिवस भरून झालं का? वजन किती? नाळ लगेच कापली की थांबून? सहा महिन्यांनंतर वरचं खाणं दिलं की नुसत्या दुधावर ठेवलं? चपाती चहात बुडवून देता का? जुलाब, जंत? ही सगळी कारणं खरी आहेत. आईच्या अंगात लोह नसेल तर बाळ रिकामी शिदोरी घेऊन जन्माला येतं. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. यंत्राच्या पोटात अठरा लाख पोरांची माहिती भरलेली होती. तुमच्या पोराची उत्तरं त्या अठरा लाखांशी ताडून, अशा पोरांमध्ये कुठल्या कारणाचा वाटा साधारण किती असतो, ते यंत्र छापायचं. ओवीची पट्टी अशी होती: हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक. मातृ घटक अठ्ठावन्न. आहार चोवीस. जंत अकरा. इतर सात.

आता मोटारसायकलवरून पडून मेलेल्या शंभरांतल्या सत्तरांनी हेल्मेट घातलेलं नसतं, असं कुणी म्हणालं, तर त्यावरून गल्लीतला बापू कसा मेला ते कळत नाही. बापू हेल्मेट घालूनही ट्रकखाली गेलेला असू शकतो. पट्टीवरचे टक्के त्या शंभरांचे होते, बापूचे नव्हते. ओवीच्या रक्तात यंत्रानं आई शोधली नव्हती, चहा शोधला नव्हता, काहीच शोधलं नव्हतं. फक्त लाली मोजली होती आणि बाकीचा अंदाज केला होता.

दुसऱ्या कुठल्या गावाला हे हळूहळू तरी कळलं असतं. माणकुळला कळणं अवघड होतं, कारण माणकुळ हे चांदीचं गाव. घराघरात पैंजण, जोडवी, करदोटे होतात आणि लहान पोरालाही टंच कशाला म्हणतात ते ठाऊक असतं. टंच म्हणजे चांदीचा कस. दागिन्यावर बंदुकीसारखं यंत्र धरायचं, कळ दाबायची, कागद येतो: चांदी इतकी, तांबं इतकं, जस्त इतकं. तो कागद त्या एका दागिन्याचा असतो आणि त्यात "बहुधा" नसतं. तांबं जास्त आलं की कारागिराच्या कानाखाली बसते. आधी कसोटीचा दगड होता, मग बंदूक आली, कानाखाली तीच राहिली.

रक्तवेधची पट्टी गावानं तशीच वाचली. पोराच्या रक्तात अठ्ठावन्न भाग हिणकस निघाले आणि ते आईनं घातले. कागदच सांगतोय म्हटल्यावर बोलणं खुंटलं.

पट्ट्या निघू लागल्यावर पहिल्या तीन आठवड्यांतच नऊ बायका माहेरी धाडल्या गेल्या. खालच्या गल्लीत एका सासूनं सुनेच्या पायांवर चांदी उजळायचं तेजाब ओतलं. एका नवऱ्यानं बायकोला खुर्चीला बांधून दोन दिवस बीट आणि पालक कोंबला, आणि ओकली की मारलं. वरच्या आळीत चोवीस वर्षांच्या एका पोरीचं डोकं नवऱ्यानं मोरीच्या कठड्यावर इतक्या वेळा आपटलं की ओळख पटवायला तिच्या बापाला पायांतल्या जोडव्यांकडे बघावं लागलं. पोलिसांत नोंद झाली, पाय घसरून. मुलगी बघायला येणारे पाहुणे कांदेपोह्यांच्या आधी तिची पापणी ओढून बघू लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं चोर कोण हे कुणी विचारतच नव्हतं.

शैलजानं जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, आपलं यंत्र निदान करत नाही, जोखीम सांगतं. पुस्तिकेत पान बावीसवर दिलंय. तुम्ही प्रशिक्षण घेतलंय ना?" तिनं पान बावीस काढलं. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत एक वाक्य होतं, ही टक्केवारी समूहाची असून एका बालकाची नाही. प्रशिक्षणात ते पान कुणी उघडलंच नव्हतं. त्या दिवशी दुपारचं जेवण लवकर लागलं होतं.

त्यानंतर ती आकडा तोंडी सांगायची आणि कागदाचा रोल संपलाय म्हणायची. पण स्वतःच्या घरातली पट्टी रणजितनं देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावून ठेवली होती.

प्रतीक्षा प्लॅस्टर घालून माहेरी गेली. ओवीला रणजितनं जाऊ दिलं नाही. प्रतीक्षाचा भाऊ सूरज पोलिसांत गेला, तर तिथं त्याला आधी बैठकीत मिटवून घ्या असा सल्ला मिळाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी समाजमंदिरात बैठक ठरली. रणजितची मागणी सरळ होती. पोर माझ्याकडं राहणार, तिनं कागदावर सही करावी आणि सुटावं.

"आक्का, तू बोलायचंस बैठकीत," तो म्हणाला. "तू सरकारी माणूस. पट्टी तू वाचायचीस."

"रणजित, त्या पट्टीचा अर्थ तसा न्हाई."

"तूच सांगितलास की."

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड उघडेना. त्याच्या हातात सांडशी होती आणि दोन दिवसांपूर्वीच त्यानं तिला विनाकारण ढकललं होतं, हे एक झालं. दुसरं म्हणजे सेविकेनं चुकीचं सांगितलं हे गावाला कळलं तर त्या नऊ बायकांचे बाप तिच्या दारात उभे राहिले असते. वरच्या आळीतल्या पोरीचा बापही.

रणजित राक्षस होता म्हणावं तर तेही खरं नव्हतं, आणि हेच शैलजाला जास्त छळत होतं. परसात त्याची भट्टी होती. मोडीची चांदी शिशासोबत वितळवली की हिणकस धातू शिसं आपल्याबरोबर ओढून नेतं आणि मागं शुद्ध चांदी उरते. मोठ्या कारखान्यांत हे काम आता विजेवर होतं, पण माणकुळच्या परसांत अजून जुनीच रीत चालते. दिवसभर त्या धुरात उभा राहून तो घरात आला की पहिल्यांदा ओवीला उचलायचा. हातपाय धुवायच्या आधी. ती त्याच्या छातीवर पालथी पडायची, शर्टाची कॉलर तोंडात घेऊन चोखायची आणि तशीच झोपायची. बायको गेल्यावर तर तो तिला भट्टीशेजारी झोळीत ठेवून काम करायचा. स्वतःच्या हातानं भरवायचा, लोहाचं औषध चमच्यानं वेळेवर पाजायचा. इतकी माया करणारा बाप गल्लीत दुसरा नव्हता.

तीन आठवड्यांनी शैलजानं ओवीची पापणी पुन्हा पाहिली. सात पूर्णांक शून्य.

तिनं तीनदा मोजलं. आईमुळं रक्त कमी असेल तर आई नसताना, औषध चालू असताना, ते आणखी कसं उतरेल? पोर चिडचिडं झालं होतं, पोट धरून रडायचं, चार-चार दिवस शी होत नव्हती. तिनं तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तांबोळींना फोन लावला. त्या पाच मिनिटं प्रश्न विचारत राहिल्या आणि मग अचानक म्हणाल्या, "घरात शिसं आहे का हो कशात? रंग, बॅटरी, काही?"

शैलजा परसदाराकडं बघत राहिली.

"बाई, ऐकताय ना? अंगात रक्त तयार होताना लोहाला त्याच्या जागी बसवावं लागतं. शिसं तिथं घुसतं आणि ते काम बंद पाडतं. मग तुम्ही कितीही लोह पाजा, ते दारातच उभं राहतं. लहान पोरं तर मोठ्यांच्या चारपट शिसं ओढून घेतात, आणि अंगात लोह कमी असेल तर अजून जास्त. मेंदूलाही धोका आहे. ताबडतोब घेऊन या."

"पट्टीवर शिशाचं काही न्हवतं, मॅडम."

"चौतीस प्रश्नांत शिशाचा प्रश्न आहे का?"

नव्हता. अठरा लाख पोरांत भट्टीशेजारी वाढलेली पोरं असून असून किती असणार, दर्यामे खसखस. यंत्राला जे विचारायचं ठाऊकच नव्हतं ते त्यानं शेवटच्या ओळीत ढकललं होतं. इतर, सात.

शैलजा गुंडूअण्णांकडे गेली. सत्तरीचे गुंडूअण्णा गावातले सगळ्यांत जुने टंच काढणारे. त्यांच्या बंदुकीतून क्ष-किरण निघतात. ते ज्या धातूवर पडतात तो धातू आपल्या ठरावीक पद्धतीनं उजळतो आणि त्या उजेडावरून यंत्र त्याला ओळखतं. सोन्याचांदीवरच ती धरावी असा काही नियम नाही.

"चांदीवर धरायची सोडून जमिनीवर कशाला धरालीस, पोरी?" ते म्हणाले, पण आले. रणजित मोड आणायला बाहेर गेला होता. अण्णांनी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बंदूक धरली. मग ओवीच्या गोधडीवर. मग झोळीच्या कापडावर. प्रत्येक वेळी पडद्यावर एकच नाव वर येत होतं. शेवटी शैलजानं दोरीवरचा रणजितचा कामाचा शर्ट काढून दिला. कॉलरीवर बंदूक धरली आणि अण्णांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

"शिसं," ते म्हणाले. "चिक्कार."

त्यांनी कागद छापला आणि लगेच हातात दिला नाही. "शैला, या गावात एकशे चाळीस भट्ट्या हायत. ह्यो कागद बाहेर निघाला तर माझं दुकान ऱ्हात न्हाई आणि तुझं डोस्कं ऱ्हात न्हाई. पोरीला गुपचूप दवाखान्यात ने आणि गप बस."

तिनं कागद घेऊन पदरात खोचला आणि संध्याकाळी ओवीला न्यायचा प्रयत्न केला. रणजितनं दार अडवलं. बैठक होईतो पोर घराबाहेर जाणार नाही, तू तिला सूरजच्या हवाली करशील, मला कळत नाही होय, असं म्हणत त्यानं शैलजाचा फोन भट्टीत टाकला. तो फोन काळा होऊन वितळेपर्यंत दोघं बघत उभे होते. शिशाचं नाव तिनं काढलं तर त्यानं तिच्या तोंडात मारली. तिचा पुढचा दात हलला आणि तोंडात रक्त आलं. त्याच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी होतं, हेही तिनं पाहिलं. पोर हातची जाईल या भीतीनं तो वेडा झाला होता, आणि त्याच भीतीनं तिला मारत होता.

रविवारी समाजमंदिरात दीडशे माणूस होतं. एका बाजूला गल्लीतले भट्टीवाले. दुसऱ्या बाजूला सूरज आणि त्याच्या गावची बारा-पंधरा पोरं. त्यांच्या गाडीच्या डिकीत काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. प्रतीक्षा दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात झोळी बांधून हात त्यात अडकवलेला. ओवी रणजितच्या मांडीवर होती, पिवळट, त्याच्या छातीवर मान टाकलेली.

पंचांनी पट्टी वाचायला सांगितली. शैलजा उभी राहिली. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. मी चुकीचा अर्थ सांगितला, माझ्यामुळं या बाईचा हात मोडला, असं म्हणायचं. किंवा पदरातला टंचाचा कागद काढायचा. चूक कबूल करण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं असतं. तिनं सोपं ते केलं.

"ती पट्टी बाजूला ठेवा," ती म्हणाली. "ह्यो टंच बघा. रणजितच्या शर्टावर, पोरीच्या गोधडीवर, घरात सगळीकडं शिसं हाय. पोरीचं रक्त शिशानं आटालंय. आई तीन आठवडे घरात न्हाई, तरी रक्त उतरलंय."

कागद या हातातून त्या हातात गेला. टंचाचा कागद तिथं सगळ्यांना वाचता येत होता. आकड्यावर बोट ठेवून माणसं तो पुढं सरकवत गेली. रणजितनं तो सगळ्यांत शेवटी पाहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या छातीवर झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. त्यानं अंगावरचा शर्ट दोन बोटांनी ओढून पोरीच्या गालापासून लांब धरला. तसाच धरून बसला.

"म्हंजे पोरीला ह्यानंच घातलंय," सूरज म्हणाला. "आणि हात माझ्या बहिणीचा मोडला."

पुढचं फार भराभर झालं. सूरजच्या पोरांनी गज आणले. पहिला गज रणजितच्या खांद्यावर बसला तेव्हा त्यानं ओवीला बाजूला सरकवलं, पण स्वतः उठला नाही. दुसरा पाठीत बसला. तिसरा कानावर, आणि तो आडवा झाला. दोघांनी त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि सूरजनं गजाच्या टोकानं बोटं एकेक करून ठेचली. करंगळीपासून सुरुवात केली. रणजित ओरडत होता, पण सोडा असं एकदाही म्हणाला नाही. भट्टीवाले त्याच्या मदतीला धावले नाहीत. ते गुंडूअण्णांच्या दुकानाकडं धावले. बंदूक, काटे, काच, सगळं रस्त्यावर आलं, आणि अण्णांच्या डोक्यावर स्टूल फुटलं. सगळ्या भट्ट्या बंद पडणार हे त्यांना रणजितच्या बोटांआधी कळलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

"मी चुकीचं सांगितलं," शैलजा ओरडत होती. "ती पट्टी मी चुकीची वाचली. ह्याला ठाव न्हवतं, कुणालाच ठाव न्हवतं. माझ्यामुळं झालंय, मला मारा." जे चार वाक्यांत आधी म्हणायचं होतं ते ती आता घसा फुटेपर्यंत म्हणत होती. कुणीतरी तिचं ऐकलं आणि तिला मारलंही. केस धरून तिला खांबावर आपटलं, हलणारा दात पडला. ते कोण होतं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्या आळीतल्या पोरीचा बाप असावा, असं तिला नंतर वाटत राहिलं.

खांबाला धरून ती उभी राहिली तेव्हा तिनं प्रतीक्षाला पाहिलं. प्रतीक्षानं भावाला थांबवलं नाही, नवऱ्याकडं बघितलंही नाही. ती त्या धुमश्चक्रीच्या कडेनं आत गेली, सतरंजीवर रडणाऱ्या ओवीला एका हातानं काखोटीला मारलं आणि सरळ दाराबाहेर चालू लागली. पोर कुणाकडं राहणार याचा निकाल लावायला दीडशे माणूस जमलं होतं. निकाल एका हातानं उचलून ती निघून गेली. शैलजा तोंडातलं रक्त पुसत तिच्यामागं पळाली.

दोघींनी रिक्षा गाठली. दवाखान्याच्या दारात प्रतीक्षा एवढंच म्हणाली, "वन्सं, फॉर्म तुम्ही भरा. मला लिवता येत न्हाई ह्या हातानं."

ओवीच्या रक्तात शिसं अठ्ठेचाळीस निघालं. पाचाच्या वर गेलं की डॉक्टरांना काळजी वाटते. डॉक्टर तांबोळींनी तिला त्याच दिवशी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध सुरू झालं. पहिले चार दिवस पोर नुसतं कण्हत होतं. सहाव्या दिवशी तिनं वाटीभर वरणभात खाल्ला. एकोणिसाव्या दिवशी शिसं बावीसवर आलं होतं आणि रक्त नऊवर चढलं होतं. नर्सनं आकडे सांगितले तेव्हा प्रतीक्षा खिडकीकडं तोंड करून रडली, आणि शैलजानं तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही याचा विचार करण्यात वेळ घालवला.

आकडे इथं दिलेत ते फक्त एका पोराचे. माणकुळातल्या बाकीच्या पोरांना तपासायला पथक आलं, त्यावर दगडफेक झाली, मग पोलीस घेऊन पथक पुन्हा आलं. नऊपैकी चार बायका घरी परतल्या. दोघींना परतल्यावर पुन्हा मार बसला; या वेळी भट्टी बंद पाडल्याबद्दल. शैलजानं कार्यालयाला लेखी कळवलं की पट्टी आपण चुकीची वाचली. तिला निलंबनाचं पत्र आलं, आणि त्यात पान बावीसचा उल्लेख होता.

रणजित त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर होता. तीन बोटं काढावी लागली, उरलेली दोन वाकत नव्हती. सूरज कोठडीत होता. ओवीला घरी सोडायच्या दिवशी रणजित जिन्यापाशी येऊन थांबला. दाढी केलेली, केस ओले, अंगात घडी न मोडलेला पांढरा शर्ट. बरोबर कुणी नव्हतं.

ओवी शैलजाच्या कडेवर होती, कारण प्रतीक्षाचं प्लॅस्टर अजून निघालं नव्हतं. पोरीनं बापाला पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले. "बाबा."

"आक्का, एकदा दे की," रणजित म्हणाला. "आंघोळ केलीया, दोनदा साबण लावून. शर्टबी नवा हाय. भट्टी मोडून टाकली, विचार कुणालाबी. डॉक्टरास्नी विचारलंय मी, आंघोळ करून घेतलं तर चालतंय म्हणाल्यात."

तिथल्या डॉक्टर तसं म्हणाल्या होत्या. शैलजा तेव्हा शेजारीच उभी होती. पोर त्याच्याकडं झेपावत होतं आणि तिचे हात आपोआप सैल होत चालले होते. लहानपणापासूनची सवय होती ती. रणजितनं काही मागितलं की तिनं द्यायचं. तिनं प्रतीक्षाकडं पाहिलं.

प्रतीक्षा नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या, धडक्या हाताकडं बघत होती.

"शिसं जाईल हो धुऊन," ती शांतपणे म्हणाली. "हात तेच ऱ्हाणार न्हवं?"

रणजितनं हात मागं घेतला आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

"वन्सं, खाली रिक्षा थांबलीया," प्रतीक्षा म्हणाली आणि जिना उतरू लागली.

शैलजानं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि ती तिच्या मागोमाग उतरली. ओवी तिच्या खांद्यावरून मागं वळून बापासाठी हंबरडा फोडत होती. शैलजा थांबली नाही.